एकाच तारेवर दिवा आणि पेटी

साखर पेठेतल्या आमच्या गल्लीत लोक म्हणत, "मास्तर दाखवतो आणि ईश्वरप्पा दुखवतो." दुखवतो म्हणजे कान. समोरच्या खोलीत राहणाऱ्या रंभाबाई आणखी स्पष्ट बोलत. संध्याकाळी दारात भाजी निवडताना त्या येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवत, "चित्रं लई झ्याक असत्यात बघा. तेवढा तो गोंगाट कुणी बंद केला, तर तिकीट काढून बघीन मी." हे बोलणे पाच हातांवरच्या दुकानात बसलेल्या ईश्वरप्पांना ऐकू जाई. त्यांच्या हातातले तारा डाखण्याचे तापलेले लोखंड क्षणभर थांबे आणि पुन्हा चालू लागे.

ईश्वरप्पा कलशेट्टी रेडिओ दुरुस्त करत. अक्कलकोटच्या बाजूच्या एका खेड्यातून ते वयाच्या सतराव्या वर्षी सोलापुरात आले. एका म्हाताऱ्या कारागिराच्या हाताखाली नऊ वर्षे राहिले आणि तो वारल्यावर त्याचेच दुकान चालवू लागले. घरी कानडी, दुकानात मराठी, विणकर गिऱ्हाइकांशी मोडकी तेलुगू. मी करमाळा तालुक्यातून शिक्षण पुरे करून नोकरीसाठी या गल्लीत खोली घेतली, तेव्हा त्यांचे वय पस्तिशीच्या आसपास असावे. अंगाने शिडशिडीत, बोलण्यात तुटक. पण कोणताही रेडिओ बोटाने नुसता ठोकून त्याचे दुखणे सांगत.

त्यांना दुसरेही एक वेड होते. ते गल्लीला उशिरा कळले. बिघडलेल्या रेडिओतून निघणाऱ्या शिट्ट्या, घुमणे, कण्हणे हे त्यांना बिघाड वाटत नसे. ते आवाज त्यांना आवडत. दुपारी गिऱ्हाईक नसे, तेव्हा ते दोन व्हॉल्व्ह जोडून एखादी शिट्टी मुद्दाम काढत आणि बटण फिरवून तिला वरखाली चालवत. चौऱ्याहत्तर सालच्या एका दुपारी असाच आवाज चालू असताना पायरीवर एक उंच, चष्मा लावलेले गृहस्थ येऊन उभे राहिले. हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या काचा होत्या.

"हे पुन्हा करता येईल का?" त्यांनी विचारले.

ईश्वरप्पांना वाटले तक्रार आहे. "बंद करतो की," ते म्हणाले.

"बंद नको. मघाशी वर जाऊन थरथरलं, ते पुन्हा ऐकवा."

हे वेणीमाधव बोरामणीकर. एका शाळेत चित्रकला शिकवत आणि उरलेल्या वेळात सिनेमागृहांसाठी जाहिरातींच्या काचा रंगवत. मध्यंतरात पडद्यावर साड्यांच्या दुकानांची आणि दंतमंजनाची जी चित्रे झळकत, ती त्यांच्या हातची. त्या दुपारी ते दोन तास दुकानात बसले. ईश्वरप्पांच्या आयुष्यात तो आवाज पुन्हा ऐकायला मागणारा हा पहिला माणूस होता. ईश्वरप्पा हे कधी विसरले नाहीत. पुढे जे काही त्यांच्या पोटात साठत गेले, तेही याच ओळखीतून साठत गेले.

वर्षभरात दोघांनी मिळून एक गोष्ट उभी केली, तिला नाव काय द्यावे हे कोणालाच कळेना. ईश्वरप्पांनी एका मोठ्या जुन्या रेडिओच्या लाकडी खोक्यात स्वर काढणारे व्हॉल्व्ह बसवले आणि मोडक्या हार्मोनियमच्या आठ पट्ट्या समोर जोडल्या. प्रत्येक पट्टीला सूर लावण्यासाठी स्वतंत्र बटण. गल्ली तिला विजेची पेटी म्हणू लागली. कोणी दुरुस्तीला टाकून परत न नेलेला एक स्पूलचा टेपरेकॉर्डर होता. त्यावर त्यांनी शेजारच्या मागाचा खटका आणि गिरणीचा भोंगा उतरवून घेतला, टेपचा तुकडा कापला आणि त्याची दोन टोके जोडून कडे केले. ते कडे फिरत राही आणि माग न थांबता चालत राही. त्या चालीवर ते पेटी वाजवत. कुठल्याही गाण्याची चाल त्यांनी उचलली नाही. सगळे स्वतःचे.

वेणीमाधवांनी एका सिनेमागृहाने टाकून दिलेला प्रकाशयंत्राचा डबा आणला. त्यात हजार वॉटचा दिवा होता. दोन काचांमध्ये तेल, पाणी आणि रंगाऱ्याकडचे सुताचे रंग घालून ते त्या काचा दिव्यापुढे धरत. दिव्याच्या उष्णतेने रंग सरकू लागत, फुटत, एकमेकांत शिरत. पडदा म्हणून न रंगवलेली पांढरी चादर. पेटीचा सूर वर चढला की बोटाच्या दाबाने निळा वर चढे. मागाचा खटका आला की तांबड्याच्या रेघा तुटत. हे सारे लोकांसमोर, त्या क्षणी होई. आधी ठरवलेले थोडेच असे.

पंचाहत्तरच्या गणेशोत्सवात गल्लीच्या मंडळापुढे पहिला कार्यक्रम झाला. माणसे तोंडे उघडी टाकून चादरीकडे पाहत राहिली. कार्यक्रम संपल्यावर वेणीमाधवांभोवती ही गर्दी झाली. निळा रंग कुठला, काच फुटत कशी नाही, आमच्या मंडळाला कधी येता. ईश्वरप्पा एका बाजूला तारा गुंडाळत होते. त्यांच्याजवळ एकच माणूस आला. श्रीमंत नावाचा मंडळाचा कार्यकर्ता. त्याने विचारले, "अप्पा, आता कर्णा मोकळा झाला का? आरती लावायची हाय."

घरी सुंदरम्मा, त्यांच्या पत्नी, जेवायला वाढताना म्हणाल्या, "निळं फार छलो होतं, लई चांगलं. आमच्या तळ्यावानी."

"आणि आवाज?" ईश्वरप्पांनी विचारले.

सुंदरम्मांनी आणखी एक भाकरी ताटात टाकली. "तेबी होता की," त्या म्हणाल्या.

हे 'तेबी होता की' ईश्वरप्पांच्या मनात काट्यासारखे राहिले. पुढच्या कार्यक्रमांत त्यांनी एक गोष्ट हेरली आणि मग ती त्यांना पाहिल्याशिवाय राहवेना. ते बाजूच्या टेबलाशी बसत, त्यामुळे प्रेक्षकांचे चेहरे त्यांना दिसत. दोनशे चेहरे आणि दोनशेही चादरीकडे. त्यांनी कितीही अवघड जागा काढली, भोंग्याचा सूर कितीही हळुवार पेटीत मिसळला, तरी एकही मान त्यांच्याकडे वळत नसे. ते दर कार्यक्रमात टेबल हातभर पुढे सरकवू लागले. एका शाळेच्या संमेलनात ते इतके पुढे गेले की त्यांच्या डोक्याची सावली चित्रात पडली. मागून पोरे ओरडली, "ए काका, डोकं खाली!" वेणीमाधव हसले. ईश्वरप्पांनी डोके खाली घेतले आणि पुढचे चार दिवस मास्तरांशी कामापुरते बोलले.

एका मंडळाने पत्रक छापले. 'बोरामणीकर मास्तरांची अद्भुत रंगचित्रे', आणि खाली बारीक अक्षरात कंसात 'ध्वनीसह'. वेणीमाधवांनी स्वतः जाऊन छापखान्यात तक्रार केली, दुसरे पत्रक काढून घेतले. ईश्वरप्पांनी मात्र पहिले पत्रकच जपून ठेवले. दुकानात व्हॉल्व्हच्या खोक्यात ते घडी घालून ठेवलेले मी पाहिले आहे. एखाद्या दिवशी मास्तरांबद्दल काही चांगले वाटू लागले, की ते काढून वाचत असावेत.

त्यांच्या रागाला एक खरे कारणही होते. ते विजेचे होते. दोघांचे सामान एकाच लाकडी फळीवरून वीज घेई आणि त्या फळीला ईश्वरप्पांचीच एक लांब, बारीक तार होती. कुठेही गेले तरी तीच तार नेत, कारण तेवढी लांब दुसरी नव्हती. हजार वॉटचा दिवा लागला की त्या बारीक तारेवर ताण येई, पेटीला मिळणारी वीज कमी पडे आणि पेटीचे आठही सूर जवळजवळ अर्ध्या स्वराने खाली उतरत.

"मास्तर, तुमचा दिवा माझा आवाज खातो," ईश्वरप्पा एकदा म्हणाले. त्यांनी मीटरचा काटाच दाखवला.

वेणीमाधवांनी काटा पाहिला, दिवा विझवून पाहिला, लावून पाहिला. "खरंच की! अहो, मग आधी का नाही बोललात? मी लहान दिवा लावतो. चित्र जरा अंधुक होईल, होऊ दे."

ईश्वरप्पांना हेच नको होते. भांडण हवे होते, तर समोरून दिवा लहान करण्याची तयारी. "ऱ्हाऊ द्या," ते तुटकपणे म्हणाले. "मी माझं बघून घेतो."

त्यांनी बघून घेतले ते असे. काच तापल्याशिवाय तेल सरकत नाही, म्हणून वेणीमाधव नेहमीच अर्धा तास आधी दिवा लावत. दिवा लागला, काटा खाली आला, की मग ईश्वरप्पा एकेक बटण फिरवून आठही सूर वर घेत आणि टेपवरच्या भोंग्याशी जुळवत. टेपच्या मोटारीला या चढउताराचे फारसे सोयरसुतक नव्हते, तिचा सूर जागचा हलत नसे. दीड-दोन वर्षे असे चालले. पेटी दिव्याच्या उजेडातच लावायची, ही सवय हातात इतकी मुरली की आपण असे का करतो हे ईश्वरप्पा विसरून गेले.

सत्त्याहत्तरच्या डिसेंबरात विणकरांच्या एका सोसायटीच्या वार्षिक समारंभात त्यांचा कार्यक्रम ठरला. रविवारी दुपारी चार वाजता, एका शाळेच्या सभागृहात, खिडक्यांना काळे पडदे लावून. पुण्याला कलाविषयक कार्यक्रम भरवणारे एक गृहस्थ मुद्दाम तो पाहायला येणार होते. त्यांचे पत्र मास्तरांच्या नावे आले. वेणीमाधवांनी ते कौतुकाने ईश्वरप्पांच्या हातात दिले. त्यात एक वाक्य होते, 'आपले एक सहकारी ध्वनीची बाजू सांभाळतात, असे समजते.'

ईश्वरप्पांनी पत्र परत दिले. "सांभाळतो की," ते म्हणाले. "पोरं सांभाळावीत तशी."

त्या आठवड्यात त्यांनी फळीच्या आत एक लहान बटण बसवले. त्याची तार टेबलाखाली, पायापाशी आणली. पायाने दाबले की वेणीमाधवांच्या दिव्याची वीज बंद व्हावी, पेटीची चालू राहावी. हे त्यांनी मला नंतर स्वतः सांगितले आणि सांगताना लाजले नाहीत. हेतू साधा होता. 'पहिली पाळी' ही त्यांची सर्वांत मोठी रचना. तिच्यात पहाटेचा भोंगा, मग एकेक माग जागा होणे, मग सगळी पेठ एकदम चालू होणे असे होते. तिचा शेवटचा भाग एकदा, फक्त एकदा, लोकांनी अंधारात, चित्राशिवाय ऐकावा. पुण्याच्या पाहुण्याने तर ऐकावाच. दिवा गेला म्हणून लोक मास्तरांना दोष देणार नाहीत, दिव्याला देतील. त्यांच्या मते यात कोणाचे काही बिघडत नव्हते.

सभागृह भरले होते. मीही होतो, रंभाबाईही होत्या. सुंदरम्मा बायकांच्या रांगेत पुढे बसल्या होत्या. रचनेचा शेवटचा भाग जवळ आला. चादरीवर निळा रंग कडेकडेने पसरत मध्यावर आला आणि त्याच्या पोटातून एक पिवळा ठिपका फुटू लागला. सभागृहातून हलकासा उद्गार निघाला. सुंदरम्मांचाही त्यात होता. ईश्वरप्पांनी त्यांच्याकडे पाहिले आणि पाय दाबला.

चादर काळी झाली. पडद्यांच्या फटींतून येणाऱ्या अंधुक उजेडात दिसले, की ज्या बाजूने आवाज येत होता त्या बाजूला सगळ्या माना वळल्या. दोन वर्षांत पहिल्यांदा.

आणि त्याच क्षणी पेटीचे आठही सूर वर उडाले.

दिवा विझला, तारेवरचा ताण गेला आणि दिव्याच्या उजेडात लावलेली पेटी पूर्ण विजेवर अर्ध्या स्वराने चढली. टेपवरचा भोंगा होता तिथेच राहिला. एकच भजन दोघांनी दोन वेगळ्या पट्ट्यांत, अगदी जवळजवळच्या, हट्टाने म्हणत राहावे तसे ते ऐकू येऊ लागले. ईश्वरप्पांच्या लक्षात चूक आली. आठ बटणे, अंधार आणि मागे न थांबणारे टेपचे कडे. एक सूर खाली आणावा तर दुसरा किंचाळे. पाय पुन्हा दाबावा, तर दिवा आपोआप कसा लागला हे विचारले जाणार.

"मांजरं भांडाया लागली वाटतं!" मागच्या रांगेतून कोणीतरी ओरडले.

हशा पसरला. रंभाबाई मोठ्याने म्हणाल्या, "आता तरी बंद कर की रे!" पुढच्या रांगेत पुण्याचे पाहुणे सभ्यपणे खोकले.

वेणीमाधवांना वाटले दिवा उडाला. चित्राची धडपड त्यांनी केली असती तर कोणाला नवल वाटले नसते. त्यांनी एवढेच केले, की चाचपडत पिशवीतून तेवढ्याच वॉटचा सुटा जादा दिवा काढला, त्याला तार जोडलेलीच होती, आणि तो फळीच्या दुसऱ्या भोकात खोचला. दिव्याचे तोंड भिंतीकडे केले. ना काच, ना रंग, ना चित्र. नुसता पांढरा उजेड भिंतीवर पडला.

पेटीचे सूर खाली आले आणि भोंग्याशी जाऊन मिळाले.

त्या उजेडात मी वेणीमाधवांना पाहिले. ते हातात टॉवेलची घडी घेऊन तापलेला दिवा धरून उभे होते आणि मान किंचित वाकडी करून सूर जुळला का ते ऐकत होते. सूर जुळल्यावर त्यांनी ईश्वरप्पांना मानेने खूण केली, 'चालू द्या'. ईश्वरप्पांनी उरलेली सात-आठ मिनिटे वाजवली. चादर कोरी होती. बघायला काही नव्हते म्हणून लोकांनी ईश्वरप्पांकडे पाहिले. हशा थांबला. माग एकेक करून जागे झाले आणि शेवटी सगळी पेठ चालू झाली, तेव्हा विणकरांच्या रांगांत काही पाय नकळत मागाची पावडी दाबल्यासारखे हलत होते.

टाळ्या झाल्या. पुण्याचे पाहुणे उठून पुढे आले. ईश्वरप्पा उभे राहिले, शर्ट सारखा केला. पाहुणे त्यांच्या टेबलाशेजारून पुढे गेले आणि त्यांनी वेणीमाधवांचा हात हातात घेतला. "प्रसंगावधान काय असतं ते आज पाहिलं! दिवा गेला, तरी तुम्ही कार्यक्रम सांभाळलात."

"अहो, हात सोडा, भाजलाय," वेणीमाधव म्हणाले. त्यांच्या तळव्यावर दोन फोड आले होते.

सामान आवरताना वेणीमाधवांनी उडालेला दिवा सवयीने पाहिला. तो उडाला नव्हता. त्यांनी फळी उचलली, आतल्या तारेवरून बोट फिरवत टेबलाखाली गेले आणि बटणापाशी थांबले. ईश्वरप्पा स्पूल गुंडाळत होते.

"काम सुबक केलंय," वेणीमाधव म्हणाले. "पण आधी सांगायचं होतं, ईश्वरप्पा. तुम्ही विजेचा माणूस. दिवा काढला तर सूर चढणार, हे तुमच्या कसं ध्यानात आलं नाही?"

ईश्वरप्पा स्पूल गुंडाळतच राहिले. मास्तर ओरडले असते, काचा आपटल्या असत्या, तर बरे झाले असते, असे ते मला म्हणाले. पुढे आणखी वाईट घडले. पुण्याहून कार्यक्रमाचे बोलावणे आले, तेव्हा वेणीमाधवांनी उत्तर लिहिले, की कार्यक्रम दोघांचा आहे, ईश्वरप्पा कलशेट्टी हे नाव आधी छापले जावे आणि अखेरची सात मिनिटे चित्राशिवाय होतील. पुण्याचा कार्यक्रम तसाच झाला, बरा झाला. पत्रकावर नाव पहिले होते. ईश्वरप्पांनी ते पत्रक बघितले आणि दुकानात माझ्यासमोर टेबलावर टाकले. "बघा," ते म्हणाले, "मोठेपणाबी त्यानंच घेतला."

आता एकोणऐंशी साल चालू आहे. दोघे अजून एकत्र वाजवतात आणि दाखवतात. ईश्वरप्पांचे कुढणे कमी झालेले नाही. मास्तरांनी नवी काच केली की ते दोन दिवस घुश्श्यात असतात. मास्तरांचे कौतुक करणाऱ्या गिऱ्हाइकाचा रेडिओ एक दिवस उशिरा मिळतो. दुकानात खिळ्याला जाड तारेचे नवे भेंडोळे लटकते आहे. ते घेऊन वर्ष झाले. ती तार वापरली तर दिव्याचा पेटीवर काही परिणाम होणार नाही, हे ईश्वरप्पांना कोणी सांगायला नको. भेंडोळ्यावर धूळ बसली आहे आणि कार्यक्रमाला जुनीच बारीक तार जाते.

मागच्या महिन्यात मी दुकानात बसलो असताना रंभाबाई आपला रेडिओ न्यायला आल्या. मास्तर नुकतेच उठून गेले होते आणि ईश्वरप्पा त्यांच्या पाठीमागे पुटपुटत होते. रंभाबाईंनी पदर खोचला.

"एवढं पोटात दुखतंय तुझ्या, तर वेगळा का हुईनास रे? ती नवी तार घे, तुझी पेटी घे, आन् तुझं तू वाजीव की. आमीबी सुटू."

ईश्वरप्पांनी रेडिओची मागची फळी बसवली, स्क्रू आवळला आणि रेडिओ त्यांच्या हातात दिला.

"त्या दिवशी हॉलात माझा सूर चढला, ते त्याला एकट्याला कळलं. तुमी समदे हसत होता. राग येतो मला त्याचा, रोज येतो. पण त्याला सोडून वाजवू कुणासंगं, तुमच्यासंगं?"